रंग कापडावर बसतो की कापडात उतरतो?

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधलं तालुक्याचं गाव. माझ्या नवऱ्याची आत्या तिथे राहते. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमीळ. एका पोंगलला मी त्यांच्यासाठी स्वतः रंगवलेला टेबलक्लॉथ घेऊन गेले होते. पांढरं सुती कापड आणि त्यावर गुलाबी कमळं. आत्याबाईंनी तो मांडीवर उलगडला, एका पाकळीवरून अंगठा फिरवला आणि मग कापड उलटं केलं. मागची बाजू पांढरीशुभ्र. "सूनबाई, रंग वरच बसलाय गं, आत उतरला नाही," त्या म्हणाल्या.

घरी कपडे आणि भांडीकुंडी रंगवणाऱ्या आपल्यासारख्यांचे बरेच गैरसमज या एका फरकाशी येऊन थांबतात. रंग बसणं वेगळं आणि उतरणं वेगळं.

बाजारात मिळणारा फॅब्रिक कलर म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिकचं चिकट माध्यम. त्यातलं पाणी उडालं की एक पातळ, लवचीक पापुद्रा तयार होतो आणि रंगद्रव्य त्यात अडकून राहतं. हा पापुद्रा धाग्यांना बिलगतो, धाग्याच्या आत शिरत नाही. म्हणून रंगवलेली जागा हाताला जाडसर लागते. कापड बुडवून रंगवतात ती रंगाई निराळी, तिथे रंगाचे कण धाग्याच्या आत जाऊन बसतात. दोन्हींना आपण सरसकट 'रंगवणं' म्हणतो आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावतो. घोटाळा होतो तो इथे.

"मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवलं की रंग पक्का होतो."

हा सल्ला मला निदान दहा जणींनी दिला असेल, अगदी मनापासून. रंगाईच्या पातेल्यात मीठ घालतात हे खरंच आहे, पण ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलण्यासाठी. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग पक्का करतो तो धुण्याचा सोडा, कारण त्या रंगाचं आणि धाग्याचं रासायनिक बंधन जुळायला क्षार लागतो. व्हिनेगर उपयोगी पडतं ते लोकर आणि रेशीम आम्लरंगांनी रंगवताना. आधीच रंगवून वाळवलेल्या सुती कुर्त्याला मिठाचं किंवा व्हिनेगरचं पाणी काहीही देत नाही. त्या पहिल्या धुण्यात जो सुटा रंग निघून जातो, तो साध्या पाण्यातही तितकाच गेला असता.

फॅब्रिक कलर पक्का होतो उष्णतेने. रंगकाम चोवीस तास सुकू द्यावं, मग उलट्या बाजूने, किंवा वर पातळ सुती फडकं टाकून, कापडाला सोसेल इतकी गरम इस्त्री वाफेशिवाय तीन ते पाच मिनिटं फिरवत राहावी. एका जागी दाबून ठेवली तर कापड जळेल. त्यानंतर तीन दिवस पाणी लावू नये. बाटलीवर वेगळ्या वेळा छापल्या असतील तर त्या पाळाव्यात. या उष्णतेने माध्यमाचे कण एकमेकांत गुंफले जातात. पुढे धुताना कपडा उलटा करावा, गार पाणी घ्यावं, पिळू नये आणि ब्लीच अजिबात घालू नये.

रंगवण्याआधी कपडा धुणं मात्र टाळता येत नाही. कोऱ्या कापडावर खळ असते, रंग त्या खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीसकट निघून जातो. कपडे मऊ करणारं द्रावणही त्या धुण्यात घालू नका.

"कलमकारी म्हणजे आंध्रातलं छापील कापड."

इथे मला जरा थांबायचंय, कारण आत्याबाईंचा अंगठा ज्या कापडावर तयार झाला ते हेच.

'कलमकारी' म्हणून दुकानात मिळणाऱ्या कापडांपैकी पुष्कळ आज स्क्रीनवर छापलेली असतात. आंध्रातल्या मच्छलीपट्टणमला लाकडी ठशांनी छपाई होते आणि श्रीकालहस्तीला कलमाने हातकाम होतं, हे खरं. पण कावेरीच्या खोऱ्यात करुप्पूर कलमकारी नावाची एक तिसरी परंपरा आहे आणि तिला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुंभकोणमच्या आसपास, सिक्कलनायक्कनपेट्टैसारख्या गावांत, आजही मोजकी घराणी ती करतात. मंदिरासाठी छतं, तोरणं, रथाला आणि मंडपात लोंबणारे गोल नळकांडी पडदे असं त्यांचं काम. त्या पडद्याला थोंबै म्हणतात आणि छताला आस्मानगिरी. हा दुसरा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही.

परका न वाटण्याला इतिहासही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे, आजच्या अरियलूर जिल्ह्यात, कोडाली करुप्पूर हे गाव आहे. तिथली साडी तंजावरच्या राजघराण्यासाठी विणली जाई आणि मानाचं वस्त्र म्हणून बडोदा, कोल्हापूर, साताऱ्याच्या राजघराण्यांपर्यंत पोचे. या साडीबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो, की ती सोनेरी छपाईची होती. सोनं तिथे छापलेलं नव्हतं. जरीची नक्षी जामदानी पद्धतीने मागावरच विणली जाई. मग त्या विणलेल्या कापडावर मेण आणि कलम यांनी काम होई आणि ते लाल-काळ्या रंगांत रंगवलं जाई. दाट लाल रंगाआडून जरी मंद चमकते. दरबारी आश्रय गेल्यावर ही साडी हळूहळू थांबली, आता अस्सल नमुने संग्रहालयांत पाहायला मिळतात. विणकर आणि चित्रकार दोघांनी एकाच कापडावर हात चालवावा, अशी दुसरी मराठी राजवस्त्रं माझ्या पाहण्यात नाहीत.

कलमकारीत कापड कसं तयार होतं ते पाहिलं की आत्याबाईंचं वाक्य उलगडतं. कोरं सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हिरड्यातला टॅनिन धाग्यात मुरतो, आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ पसरत नाही. काळा रंग बनतो गंजक्या लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात काही आठवडे आंबवून. कलम म्हणजे बांबूची टोकदार काडी. टोकाच्या वर लोकर किंवा चिंध्या गुंडाळलेल्या असतात, त्यात द्रव भरून राहतो आणि बोटांनी दाबला की टोकाशी येतो. त्या लोखंडी पाण्याची रेघ कापडावर पडताना फिकी असते. क्षणभराने ती तुमच्या डोळ्यांदेखत गडद व्हायला लागते, कारण लोह आणि टॅनिन भेटतात.

लाल रंगाची गोष्ट याहून नवलाची आहे. जिथे लाल हवा तिथे आधी तुरटीचं पाणी लावतात, आणि त्याला स्वतःचा जवळपास रंगच नसतो. मग अख्खं कापड रंगदायी मुळांच्या पाण्यात उकळतात. तमिळनाडूत याला सायवेर वापरत, आपल्याकडची मंजिष्ठा त्याच कुळातली, आणि आता बऱ्याचदा तयार अ‍ॅलिझरीन वापरतात. तुरटी लावलेला भाग लालभडक होतो, बाकीचा डाग धुण्यात जातो. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धाग्याला धरतं आणि मुळातला रंग त्या अ‍ॅल्युमिनियमला. या जोडणीमुळे रंग धुऊन जात नाही.

युरोपाला हे कळायला बराच काळ लागला. कोरोमंडल किनाऱ्याचं रंगीत कापड तिथे इतकं खपलं, की फ्रान्सने 1686 साली त्यावर बंदी घातली आणि ती 1759पर्यंत टिकली. तिथल्या कारागिरांचे रंग पाण्यात उतरत, इथले उतरत नसत. पाँडिचेरीला आलेल्या गॅस्तों कूर्दू नावाच्या जेझुइट धर्मगुरूने 1742 साली पत्र लिहून ही कृती पायरीपायरीने फ्रान्सला कळवली. हिरडा, दूध, तुरटी, उकळणं, धुणं, उन्हात टाकणं, पुन्हा धुणं. कौशल्य रंगाच्या डब्यात नसून कापडाच्या तयारीत होतं, हे त्या पत्रातून दिसतं.

"नैसर्गिक रंग म्हणजे निर्धोक आणि कायमचा."

दोन्ही अर्धसत्यं. हळद कापडावर सुंदर चढते, पण उन्हात काही दिवसांत फिकी पडते. बीट आणि जास्वंदीचंही तसंच. टिकायचं असेल तर डाळिंबाची साल, हिरडा, मंजिष्ठा, नीळ यांच्याकडे जावं लागतं. निर्धोकपणाचं म्हणाल तर रंग वनस्पतीचा असला तरी तो धरून ठेवायला काय वापरलंय हे पाहा. तुरटीने घरात काम करायला हरकत नाही, तिचं भांडं तेवढं वेगळं ठेवा. मोरचूद मात्र विषारी आहे. ते स्वयंपाकघरात आणू नका आणि मोरीत ओतू नका. लोखंडाचं पाणीही जपून वापरावं, जास्त झालं तर ते सुती धागा कुजवतं. जुन्या कापडांवर कधी कधी काळी रेघ होती तिथेच चीर दिसते, ती यामुळे.

"मडकं रंगवलं की शोभा वाढते, बिघडतं काय?"

पोंगलच्या आधी पापनाशमच्या बाजारात मातीची मडकी मांडतात. त्यांत आता ऑइलपेंटने फुलं काढलेली, चकचकीत मडकीही असतात. आत्याबाई साधंच मडकं घेतात. घरी आणून त्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधतात, चुन्याचे पट्टे ओढतात आणि कुंकवाची बोटं लावतात. मी विचारलं, एखादं रंगवलेलं घेऊया का? त्यांनी मडक्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे चुलीवर चढणार आहे."

तेवढ्यात सगळं आलं. ऑइलपेंट किंवा अ‍ॅक्रिलिक आचेवर जळतो, त्याचा धूर आणि वास शिजणाऱ्या भाताजवळ फिरतो. चुन्याला आगीचं भय नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत असतो. रंगवलेलं मडकं कोपऱ्यात ठेवायला छान, चुलीवर नको.

पिण्याच्या पाण्याच्या माठाचं आणखी वेगळं. माठ गार करतो कारण त्याच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. सगळा माठ बाहेरून रंगवला तर छिद्रं बुजतात आणि पाणी कोमट राहतं. हौस असेल तर गळ्यापाशी एक पट्टा गेरूने ओढा, पोट उघडं ठेवा. कुंडीला हीच अडचण उलट्या बाजूने येते. आतली ओल बाहेर यायला पाहते, अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा वाटेत येतो, फुगतो आणि पोपडे पडतात. पणती रंगवताना आतली बाजू आणि वातीचं टोक कोरं सोडावं.

काचेच्या आणि चिनी मातीच्या कपांवर 'नॉन-टॉक्सिक' रंगाने चित्रं काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या शब्दाचा अर्थ तो रंग चित्र काढायला अपायकारक नाही इतकाच आहे. अन्नाशी संबंध येण्यासाठी तो बनलेला नसतो. कपाच्या ओठापासून दोन बोटं खाली आणि फक्त बाहेरून रंगवा. बशीच्या आत नकोच.

आणि घरातलं जुनं लाकूड, विशेषतः पाळणा किंवा खेळणी, पुन्हा रंगवणार असाल तर जुना थर कोरडा खरवडू नका. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम ठरवणारे नियम आपल्याकडे 2016 साली आले आणि उत्पादकांना 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं पुष्कळ असू शकतं, आणि त्याची भुकटी रांगणाऱ्या मुलाच्या बोटांतून तोंडात जाते. ओल्या पॉलिशपेपरने घासा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा.

पापनाशमहून परतताना आत्याबाईंनी पिशवीत मूठभर हिरडे घातले. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा मला घराजवळही मिळाला असता, पण मी काही बोलले नाही. पुण्याला आल्यावर एका बरणीत गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून गच्चीत ठेवलं, झाकण सैल. जुन्या धोतराचा तुकडा हिरड्याच्या पाण्यात आणि दुधात भिजवून वाळवला. तीन आठवड्यांनी बांबूच्या काडीने त्यावर एक कमळाची पाकळी काढली. रेघ फिकी उमटली, मग राखाडी झाली, मग काळी. वाळल्यावर धुतली आणि कापड उलटं केलं. मागेही पाकळी होती.