इंजिनाचा गोड वास धोक्याचा

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना भर उन्हात मोटारीतून काकवीसारखा गोडसर वास येऊ लागला, तर तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड राखणाऱ्या द्रवाचा असण्याची शक्यता मोठी असते. ही यंत्रणा बंदिस्त असल्याने वास येणे म्हणजे कोठेतरी गळती असणे.

खान्देशात हा दोष उन्हाळ्यातच का उघडकीस येतो? कूलंटचे तापमान ९० अंश आणि बाहेरची हवा २५ अंश असेल, तर फरक ६५ अंशांचा असतो. जळगाव-भुसावळात पारा ४५ वर गेला की तो ४५ अंशांवर येतो. साहजिकच रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी घटते आणि हिवाळ्यात निभावलेली किरकोळ गळतीही महागात पडते.

वास बॉनेटखालून येत असेल, तर होज पाईपचे सांधे, रेडिएटर व वॉटर पंप तपासावेत. वाळलेल्या कूलंटचे पांढरट वा रंगीत डाग तेथे दिसतात. वास गाडीच्या आत येत असेल आणि समोरच्या काचेवर तेलकट धुके जमत असेल, तर हीटरची जाळी गळत असावी. आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो. परंतु अनेक गाड्यांत तो बंद असतानाही जाळीतून कूलंट फिरत असते, हे सहसा ध्यानात येत नाही. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी व गाडी पुढे रेटू नये. जळक्या रबराचा वास बहुधा पट्ट्याचा. सडक्या अंड्यांचा मात्र कूलंटचा नव्हे, तो अतिचार्ज झालेल्या बॅटरीचा असू शकतो.

पातळी घटली की बोअरचे पाणी ओतण्याची सवय घातक आहे. जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. तापलेल्या इंजिनाचे झाकण तर मुळीच उघडू नये. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी दाब सुटताच उसळते आणि चेहरा, हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पातळी पाहावी.

बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकोल चवीला गोड, पण विषारी असते. ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. त्यामुळे अंगणात सांडलेले कूलंट मुले व कुत्री-मांजरे पोहोचण्यापूर्वी माती टाकून उचलावे. पोटात गेल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.