चालताबोलता फलक : महाड-पोलादपूरच्या पाटी-व्यवसायाला वाहनाची जोड

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेले दोन तालुके. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग या दोन्ही गावांना जोडून पुढे कशेडीकडे जातो. महाडहून एक वाट किल्ले रायगडाकडे वळते, दुसरी वरंधा घाट चढून भोरकडे जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड व महाबळेश्वर गाठता येते. डोंगरांनी विभागलेल्या या मुलखात व्यापारउदीम जो काही चालतो तो रस्त्याच्या आधारेच. त्यामुळे येथील लहान व्यावसायिकाला गिऱ्हाईक शोधायचे असेल, तर ते रस्त्यावरच शोधावे लागते.

दुकानांच्या पाट्या, दिशादर्शक फलक, वाहनांवरील अक्षरलेखन अशी कामे करणाऱ्या कारागिरांना ही गोष्ट विशेष लागू पडते. कुंचल्याने अक्षरे रंगविणाऱ्या पेंटरांच्या पिढीनंतर फ्लेक्सवरील छपाई आली आणि हा व्यवसाय पार बदलून गेला. आज संगणकावर मजकूर जुळविणारे, प्लॉटरवर अक्षरे कापणारे आणि फलक प्रत्यक्ष जागेवर बसवून देणारे छोटे व्यावसायिक बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी आढळतात. राज्याच्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात २०२२ साली सुधारणा होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशीही त्यात तरतूद आहे. साहजिकच या व्यवसायाला काम आहे. अडचण आहे ती, काम करणारा कोठे बसतो हे बिरवाडी, विन्हेरे, वरंध किंवा कापडे येथील दुकानदाराला कळावे कसे, ही.

या अडचणीवर एक उपाय कारागिराच्या दाराशीच उभा असतो, तो म्हणजे त्याचा टेम्पो. फलक, शिड्या आणि लोखंडी चौकटी घेऊन हे वाहन गावोगाव फिरतेच. त्याच्या अंगावर विनाइलचे आवरण चढवून व्यवसायाचे नाव व काम ठळकपणे मांडले, तर ते वाहन म्हणजेच एक फिरता फलक होतो. एखाद्या दुकानावर पाटी बसविण्याचे काम चालू असताना ते दोन-तीन तास बाजारात उभे राहते. तेवढ्या वेळात शेजारच्या दहा दुकानदारांच्या नजरेस काम आणि कारागीर दोन्ही पडतात. यापरती चांगली जाहिरात नाही.

मात्र येथेच सावधगिरीचीही गरज आहे. इतरांच्या वाहनावरील आवरण सुटले तर त्याचे फक्त रूप बिघडते. पाट्या करणाऱ्याच्याच वाहनावरील आवरण सुटले, तर त्याच्या कौशल्यावरील विश्वास जातो. दिव्याखालचा हा अंधार गिऱ्हाइकाला चटकन दिसतो. म्हणून मोठे आणि स्वस्त आवरण करण्यापेक्षा लहान पण पक्के आवरण करणे या व्यवसायाच्या हिताचे ठरते.

विनाइलचे दोन प्रकार

वाहनांसाठी वापरले जाणारे विनाइल हे पीव्हीसी या प्लॅस्टिकचे पातळ पटल असते. त्याच्या मागे दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा थर व त्यावर सोलून काढण्याचा कागद असतो. पटल तयार करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत तापलेले पीव्हीसी रुळांमधून दाबून लाटले जाते. यास कॅलेंडर्ड विनाइल म्हणतात. त्याची जाडी साधारणतः ७० ते ८० मायक्रॉन असते. लाटताना पडलेला ताण पटलात राहून जातो आणि उन्हाने ते हळूहळू आकसू लागते. दुसऱ्या पद्धतीत द्रवरूप पीव्हीसी ओतून भट्टीत सुकविले जाते. हे कास्ट विनाइल सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे, मऊ आणि ताणरहित असते. वाहनाच्या वळणांवर व खाचांत ते नीट बसते आणि टिकतेही अधिक, पण त्याची किंमत बरीच जास्त पडते.

यावरून निवडीचा सोपा नियम निघतो. टेम्पोच्या हौद्याच्या सपाट बाजूंना चांगल्या प्रतीचे कॅलेंडर्ड विनाइल चालू शकते. दारांची वळणे, मडगार्ड, बॉनेट आणि उंचसखल पत्रा यांसाठी मात्र कास्ट विनाइलच वापरावे. छापील पटलावर अतिनील किरण रोखणाऱ्या पारदर्शक लॅमिनेशनचा थर चढविणे अगत्याचे आहे. सॉल्व्हंट शाईने छापलेले पटल लगेच लॅमिनेट न करता एक-दोन दिवस उघडे ठेवावे लागते. शाईतील द्रावक आत अडकला, तर गोंद मऊ पडून कडा उचलू लागतात.

कोकणचा पाऊस आणि आवरणाच्या कडा

महाड-पोलादपूर परिसरात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. आवरणाची खरी परीक्षा या काळात होते. पाणी पटलाच्या मध्यभागातून शिरत नाही. ते कडांतून, सांध्यांतून आणि गंजलेल्या पत्र्यावरून शिरते. म्हणून आधी पत्र्याची डागडुजी करावी, गंज खरवडून रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळल्याखेरीज पटल लावू नये. रंगाची पकड कच्ची असेल तर पटलाबरोबर रंगही निघून येतो.

पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. तेल, मेण किंवा पॉलिशचा अंशही राहता कामा नये. पटल फेल्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडांकडे दाबत न्यावे, म्हणजे हवा अडकत नाही. आडवे सांधे कौलारू छपरासारखे घालावेत. वरचा तुकडा खालच्यावर आला की पाणी ओघळून जाते. उभ्या सांध्यांत पुढचा तुकडा मागच्यावर यावा, म्हणजे धावत्या वाहनाचा वारा कडेत शिरत नाही. वळणावर ताणून बसविलेल्या कास्ट पटलाला शेवटी हीट गनने उत्पादकाने सांगितलेल्या तापमानापर्यंत ऊब द्यावी. ही पायरी गाळली तर पटल पूर्वस्थितीकडे ओढ घेते आणि खाचांतून सुटते.

दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. उन्हाळ्यात सकाळच्या वेळी सावलीत काम करावे, कारण तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो आणि चूक सुधारता येत नाही.

अक्षरे थोडी, पण वाचनीय

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला ते वाचण्यास मोजकेच क्षण मिळतात. सहज वाचनासाठी ३ मीटर अंतरामागे अक्षराची उंची २५ मिलिमीटर असावी, असा या व्यवसायातील ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १८ मीटरवरून वाचायचे अक्षर १५ सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते. त्यामुळे ओळींत पुरेसे अंतर ठेवावे आणि अक्षराची उंची मात्रा सोडून मोजावी.

बाजूंवर व्यवसायाचे नाव, 'नामफलक व वाहनलेखन' यांसारखे दोन-तीन शब्दांत काम आणि गाव एवढेच पुरे. आंबेनळी किंवा वरंधा घाटात संथ गतीने मागून येणाऱ्याला पुढच्या वाहनाची पाठ बराच वेळ दिसत राहते. दूरध्वनी क्रमांकाची योग्य जागा तीच. गर्द पार्श्वभूमीवर फिकट किंवा फिकटावर गर्द अक्षरे घ्यावीत. सर्व कामांची यादी आणि छायाचित्रांची गर्दी टाळावी.

नियमांचे भान

वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. सगळे वाहन वेगळ्या रंगात झाकले तर नोंदीशी विसंगती येते. शिवाय मालवाहू व अन्य परिवहन वाहनांवरील जाहिरातीस परवानगीचा प्रश्न येतो. यास्तव काम हाती घेण्यापूर्वी पेण येथील परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणून काचा मोकळ्याच ठेवाव्यात. क्रमांकपट्टी, दिवे आणि परावर्तक पट्ट्या कदापि झाकू नयेत. हिरवट लष्करी रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे, हेही लक्षात असावे.

हिशेब आणि जपणूक

दोन बाजूंना प्रत्येकी २ मीटर लांब व १ मीटर उंच आणि मागे १.२ मीटर रुंद व १ मीटर उंच असे तुकडे धरले, तर एकूण ५.२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५६ चौरस फूट पटल लागते. संपूर्ण वाहन झाकण्याच्या मानाने हा खर्च अल्प असतो, आणि कारागीर स्वतःच काम करीत असल्याने मजुरीही वाचते. हेच काम पुढे मिनिडोर, शाळेच्या बसगाड्या आणि दुकानदारांचे टेम्पो यांच्यासाठी नमुना म्हणून दाखविता येते. यंत्रसामग्रीसाठी कर्ज घ्यावयाचे असल्यास अलिबाग येथील जिल्हा उद्योग केंद्रात शासकीय योजनांची माहिती मिळू शकते. उद्यम नोंदणीस शुल्क पडत नाही.

आवरण मऊ कापडाने धुवावे आणि कडांवर जोराचा फवारा मारू नये. रंग उडून पटल ठिसूळ होण्याआधीच ऊब देऊन ते सोलून काढावे. काढलेले तुकडे जाळू नयेत, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि व्यापाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. अशा गावात विनाइलचे रोल व छपाईची यंत्रे जमिनीपासून उंचावर ठेवणे हा शहाणपणाचा भाग आहे. भिंतीवरची पाटी पुरातून हलविता येत नाही. चाकांवरची पाटी वेळीच उंच जागी नेता येते, आणि पाणी ओसरल्यावर नव्या पाट्यांची गरज ज्यांना असते त्यांच्या दारी तीच सर्वांत आधी पोहोचू शकते. मात्र त्या दिवशीही तिच्यावरची अक्षरे स्पष्ट आणि कडा घट्ट असल्या पाहिजेत.