मंद गतीचे सुकाणू

नौका वेगाने हाकण्यास कौशल्य लागते, हे कोणीही मान्य करील. परंतु तीच नौका अगदी संथ चालीने सरळ नेणे पुष्कळदा अधिक कठीण असते, असे म्हटले तर अनेकांस नवल वाटेल. अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर गळाने मासे धरणाऱ्या नौकांची रचना पाहिली म्हणजे या विधानाचा उलगडा होतो.

हे सरोवर गोव्याच्या पंधरा पटींहून अधिक विस्ताराचे आहे. त्याच्या पश्चिम काठावरील मिलवॉकी शहरात नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने 1909 साली होडीच्या पाठीमागील फळीवर बाहेरून अडकवावयाचे यंत्र विकावयास आरंभ केला. त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती. हेच ते ‘आउटबोर्ड’ यंत्र. आज आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी होड्यांना ते दिसते. पुढे 1966 साली मिशिगन राज्याने प्रशांत महासागराकडील कोहो जातीच्या सॅल्मन माशांची पिल्ले या सरोवरास मिळणाऱ्या नद्यांत सोडली. ती वाढली, आणि हौशी मासेमारांची तेथे रीघ लागली.

हा मासा धरण्याची एक रीत अशी, की नौका संथपणे पुढे न्यावयाची आणि तिच्यामागून आमिष लावलेल्या अनेक दोऱ्या ओढीत राहावयाचे. या रीतीस ‘ट्रोलिंग’ म्हणतात. वेग साधारणपणे ताशी 2 ते 3 मैल, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या नौकेस पुष्कळदा दोन मोठी यंत्रे असतात. एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर घरी परतता येते. पण ही यंत्रे अगदी मंद ठेवली तरी नौका अनेकदा हवी त्याहून जलद चालते. म्हणून शेजारी सुमारे 10 अश्वशक्तीचे एक लहान साहाय्यक यंत्र बसवितात. मोठी यंत्रे बंद करून या धाकट्याच्या जोरावर तासन् तास मासेमारी चालते.

येथे खरी अडचण उभी राहते. आउटबोर्ड यंत्राच्या नौकेस बहुधा निराळे सुकाणू नसते. यंत्रच डावीउजवीकडे वळते, त्याचा पंखा पाण्याचा झोत त्या दिशेने फेकतो आणि नौका वळते. मोठी यंत्रे बंद असता चक्र फिरविले, तर ती वळतात खरी, परंतु झोत नसतो. पाण्यात बुडालेला त्यांचा भाग केवळ फळीच्या सुकाणूसारखा उपयोगी पडतो. अशा फळीवरील पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी 20 मैलांच्या वेगात जो दाब मिळतो, त्याचा अवघा शंभरावा भाग ताशी 2 मैलांच्या वेगात मिळतो. वारा मात्र तेवढ्याच जोराने नौकेस रेटीत असतो. नौका भरकटली की मागच्या दोऱ्या एकमेकींत गुंतून सारा दिवस वाया जातो.

दुसरी अडचण जागेची. मध्यभाग मोठ्या यंत्रांनी व्यापलेला असल्यामुळे धाकट्यास बाजूस बसावे लागते. विद्यार्थी मित्रांनी घरी हा प्रयोग करून पाहावा: परातीतील पाण्यावर एक लहानशी लाकडी पाटी तरंगत सोडावी आणि तिच्या मागच्या कडेस उजव्या कोपऱ्याजवळ बोटाने पुढे रेटावे. पाटीचे तोंड डावीकडे वळते. आता तोच रेटा तिरका करून पाटीच्या मध्याकडे रोखावा. तिचे वळणे जवळजवळ थांबते. उजवीकडे बसविलेल्या लहान यंत्रासही याच न्यायाने किंचित तिरके ठेवावे लागते.

या दोन्ही अडचणींवरील प्रचलित उपाय अतिशय साधा आहे. दोन्ही मोठी यंत्रे आधीच एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. त्यांपैकी जवळच्या यंत्रास लहान यंत्र आणखी एका दांड्याने जोडावयाचे. मग चक्र फिरविताच तिन्ही यंत्रे एकदम वळतात. झोत लहान यंत्राचा असतो, आणि मोठ्या यंत्रांचे बुडालेले भाग नौकेस आडवी घसरू देत नाहीत. ती पाण्यात ठेवल्याने वेग थोडा घटतो. पण संथ चालच हवी असल्यामुळे ती हानी लाभातच जमा होते.

तथापि हा दांडा बसविताना दक्षता हवी. त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे सर्व दिशांना फिरणारे असावेत. कारण एक यंत्र वर उचलले असता दुसरे खाली असू शकते. यंत्रे बंद ठेवून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, आणि कोठेही यंत्रावर यंत्र आदळत नाही ना, पंख्यास पंखा लागत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. वेगाने निघण्यापूर्वी लहान यंत्र वर उचलून पक्के बांधावे. अन्यथा पाण्याच्या माऱ्याने त्याची बैठक खिळखिळी होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांड्याची खीळ हाताने चटकन काढता आली पाहिजे. भर पाण्यात चक्राची यंत्रणा अडकली, तर जोडलेले लहान यंत्रही तिच्याबरोबर जखडले जाते. खीळ निघाली, की ते मोकळे होते, आणि त्याची मूठ हाती धरून नौका काठास आणता येते. आपल्याकडील अनेक मच्छीमार बांधव आपल्या एकाच यंत्राची मूठ रोज याच पद्धतीने हाती धरतात. गंजलेली खीळ बंदरात क्षुल्लक भासते. वादळ उठलेल्या सरोवरात नौकेवरील माणसांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात. म्हणून जाणते नाविक मासेमारीस निघण्यापूर्वी, काठावर असतानाच, ती एकदा काढून पाहतात आणि मगच दोर सोडतात.