मीटरवर ‘कम्फर्ट’, रस्त्यावर हेलकावे : इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन झिजल्यावर कोणता शॉक बसवावा?

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असलेली मोटारसायकल काही वर्षे वापरल्यानंतर अनेक चालकांना एक कोडे पडते. मीटरवर ‘कम्फर्ट’ ही खूण दिसत असते, बटण दाबताच ती बदलून ‘स्पोर्ट’ होते आणि बिघाडाचा दिवाही लागत नाही. तरीसुद्धा गतिरोधक ओलांडल्यावर गाडीची मागची बाजू दोन-तीन वेळा वर-खाली होत राहते आणि खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडू लागते. यंत्रणा ‘सर्व ठीक’ असे सांगत असताना शॉक ॲब्सॉर्बर मात्र निकामी झालेला असतो.

याचे कारण असे, की मीटर केवळ चालकाने केलेली निवड दाखवते. शॉकमधील तेल कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला कळत नाही. मूळ कंपनीचा नवा भाग अत्यंत महाग असल्याने अन्य उत्पादकाचा शॉक बसवण्याचा विचार पुढे येतो. हा निर्णय घेण्यापूर्वी नेमके काय झिजते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्रणेचे कार्य

कोणत्याही शॉकमध्ये दोन घटकांचे काम वेगवेगळे असते. स्प्रिंग गाडीचा आणि चालकाचा भार पेलते. दबलेली स्प्रिंग उसळून गाडीला झुलवत राहू नये, यासाठी तेलाने भरलेल्या नळकांड्यात दट्ट्या फिरतो. बारीक छिद्रांतून व झडपांतून जाताना तेल विरोध करते आणि हालचालीतील ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. हेलकावे शमवण्याच्या या क्रियेस डॅम्पिंग म्हणतात. तेलात फेस होऊ नये म्हणून बहुतेक चांगल्या शॉकमध्ये नायट्रोजन वायू दाबाखाली भरलेला असतो.

बीएमडब्ल्यू कंपनीने २००४ साली ‘के १२०० एस’ या मोटारसायकलीवर ‘ईएसए’ नावाची सोय उपलब्ध करून दिली. एरवी पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे भाग या रचनेत छोट्या विद्युत मोटरी फिरवतात. डॅम्पिंगचे तीन प्रकार चालत्या गाडीवर बदलता येतात. एकटा चालक, चालक व सामान, अथवा चालक व मागे बसणारा, यांनुसार स्प्रिंगवरील आगाऊ ताण, म्हणजे प्रीलोड, मात्र गाडी उभी असतानाच बदलावा लागतो. २०१० साली ड्युकाटीच्या ‘मल्टिस्ट्राडा १२०० एस’वर ओहलिन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आले. २०१२-१३ पासून अर्धसक्रिय यंत्रणा रूढ होऊ लागल्या. त्यांत संवेदक चाकाची व गाडीची हालचाल मोजतात आणि संगणक काही मिलिसेकंदांत झडपांची स्थिती बदलतो.

या साऱ्या प्रगतीनंतरही मूळ काम तेल, रबरी सील, वायू आणि स्प्रिंग हेच करतात. सतत घुसळल्यामुळे व तापल्यामुळे तेल पातळ होते, सील झिजतात आणि वायूचा दाब घटतो. पातळ तेलासमोर मोटरने झडप कितीही आवळली, तरी पूर्वीइतका विरोध निर्माण होत नाही.

झीज कशी ओळखावी?

प्रथम टायरमधील हवेचा दाब, स्विंगआर्मचे व जोडदांड्यांचे बेअरिंग आणि टायरची अवस्था तपासावी. अनेकदा दोष तेथेच असतो. त्यानंतर गाडी सरळ धरून आसनाचा मागचा भाग जोराने दाबून सोडावा. निरोगी शॉक एकदा वर येऊन स्थिरावतो. गाडी पुन्हा पुन्हा झुलत राहिल्यास डॅम्पिंग क्षीण झाले असे समजावे. ईएसएसारख्या यंत्रणेत ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ अशा दोन्ही निवडींत ही चाचणी करावी. फरक जाणवत नसेल तर तेल तरी संपले आहे किंवा मोटर तरी फिरत नाही. शॉकच्या दांड्यावर तेलाचा थर दिसणे आणि टायरवर लाटांसारखे खळगे पडणे, ही आणखी दोन लक्षणे होत.

याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. जोराने ब्रेक लावताना चाक रस्त्याला चिकटून राहिले, तरच एबीएस यंत्रणा आपले काम नीट करू शकते. चाक उसळत असेल तर थांबण्याचे अंतर वाढते. पावसाळ्यात, तसेच मागे कोणी बसले असताना, हा धोका अधिक असतो.

चार पर्याय

पहिला पर्याय मूळ कंपनीचा नवा शॉक बसवण्याचा. त्यात जुळणीची अडचण येत नाही, परंतु खर्च सर्वाधिक असतो आणि काही वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उद्भवतो.

दुसरा पर्याय जुना शॉक उघडून तेल, सील व वायू बदलण्याचा. कित्येक मूळ शॉक उघडण्याच्या दृष्टीने बनवलेलेच नसतात. त्यामुळे हे काम केवळ या विषयातील तज्ज्ञ कार्यशाळेकडे द्यावे. आतील वायू मोठ्या दाबाखाली असल्याने रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये शॉक खोलणे जिवावर बेतू शकते.

तिसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक सोय कायम ठेवणाऱ्या अन्य कंपनीच्या शॉकचा. जर्मनीतील विल्बर्स आणि नेदरलँड्समधील ट्रॅक्टिव्ह यांनी गाडीच्या मूळ जोडणीशी जुळणारे असे शॉक बनवले आहेत. मीटर व बटणे पूर्ववत चालतात आणि शॉक पुढे उघडून दुरुस्त करता येतो.

चौथा पर्याय साध्या, हाताने जुळवायच्या शॉकचा. त्यात विजेवर चालणारे काहीच नसते. चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडता येते, हा त्याचा मोठा लाभ होय. मूळ गाडीतील स्प्रिंग सरासरी वजनाचा अंदाज बांधून दिलेली असते. फार हलक्या अथवा फार वजनदार चालकाला ती कधीच पूर्ण मानवत नाही. मागणी नोंदवताना हेल्मेट व जाकिटासह स्वतःचे वजन, मागे बसणाऱ्याचे वजन आणि नेहमीचे सामान यांची खरी माहिती द्यावी. मागे कोणीतरी वारंवार बसत असल्यास हाताने फिरवता येणारी प्रीलोडची मूठ अवश्य घ्यावी.

इशाऱ्याच्या दिव्याचे काय?

साधा शॉक बसवल्यावर मोटरींच्या जोडण्या मोकळ्या राहतात आणि संगणक बिघाड नोंदवतो. जुन्या, मोटरने फिरणाऱ्या यंत्रणांत परिणाम बहुधा इशाऱ्यापुरता मर्यादित राहतो. तो थांबवण्यासाठी मूळ मोटरचा आभास निर्माण करणारे छोटे उपकरण मिळते. अर्धसक्रिय यंत्रणेत मात्र सावधगिरी हवी. काही मोटारसायकलींत सस्पेन्शनचे नियंत्रण एबीएस व कर्षण नियंत्रणाशी जोडलेले असते. तेथे आपल्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेले उपकरण नसेल, तर तिसरा पर्यायच योग्य ठरतो. मोकळ्या जोडण्या पाणी शिरणार नाही अशा प्रकारे बंद कराव्यात आणि काढलेले भाग जपून ठेवावेत.

शॉक बसवल्यानंतर चालक बसल्यावर गाडी किती खाली येते, हे मोजावे. चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. मागची हालचाल २०० मिलिमीटर असलेल्या ‘आर १२०० जीएस’सारख्या गाडीत ते ६५ मिलिमीटरच्या आसपास येते. पुढचा शॉकही तितकाच जुना असल्यास केवळ मागचा बदलून तोल साधत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. म्हणून गाडीची उंची बदलणारा शॉक टाळावा आणि मूळ लांबीचा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला भाग निवडावा. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास विक्रेत्याकडे, तसेच विमा कंपनीकडे, आधी लेखी विचारणा करावी.

दररोज वेगवेगळा भार आणि वेगवेगळे रस्ते ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्यासाठी बटणाची सोय खर्चाच्या मोलाची आहे. ज्यांनी अनेक वर्षांत एकच निवड कायम ठेवली, त्यांना आपल्या वजनाला साजेशी स्प्रिंग असलेला साधा शॉक अधिक समाधान देईल, आणि तो पुढेही दुरुस्त होत राहील. गेल्या वर्षभरात ते बटण आपण किती वेळा दाबले, याचा हिशेब खरेदीपूर्वी प्रत्येकाने करावा.