बोटांची शाळा (लेखांक ११) : एकोणिसाचा रिकामा खळगा

वाळूतल्या अक्षरांबद्दल या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ते आज होणार नाही. वहीच्या फाडलेल्या पानावर एका आजींचं पत्र आलंय आणि त्या पत्रानं मला बाजूला ओढलं आहे.

आजी आळेफाट्याजवळच्याच एका गावातल्या. नातू मोठ्या गटात जातो. तेवीस म्हटलं की ३२ लिहितो, पंचवीस म्हटलं की ५२. वहीत लाल फुल्यांची रांग लागली आहे. घरात कुणी म्हणतं डोळे तपासून घ्या, कुणी म्हणतं त्याचं लक्षच नसतं. आजी विचारतात, तुम्ही काय म्हणता?

आजी, मी म्हणतो, पोराचे कान पक्के आहेत.

तेवीस हा शब्द एकदा सावकाश म्हणून बघा. आधी येतो 'ते', म्हणजे तीन. मग येतो वीस. पोरानं जसं ऐकलं तसं लिहिलं, आधी तीन, मग दोन. पंचवीसमध्येही पाच पुढे आणि वीस मागे. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत आपली मराठी हेच करते. तोंड एककापासून सुरुवात करतं आणि हातानं मात्र दशकापासून सुरुवात करायची. हे त्याला कुणी सांगितलं होतं का? आपण मोठे झालो म्हणून ही कोलांटउडी आपल्याला जाणवत नाही, एवढंच. जर्मन मुलांच्याही वाट्याला हेच येतं, त्यांचा तेवीसही 'तीन आणि वीस' असाच असतो. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मुलांचं बरं आहे. ती म्हणतात 'इप्पत्तमूरु', इप्पत्तु म्हणजे वीस, मूरु म्हणजे तीन. जसं बोलायचं तसं लिहायचं.

दहा ते वीसच्या मधली गंमत याहून खोल आहे. बारा म्हणजे द्वादश, तेरा म्हणजे त्रयोदश. अकरा, बारा, तेरा, पंधरा यांच्या शेवटचा 'रा' हा झिजलेला 'दश' आहे. चौदातला 'दा' आणि सोळातला 'ळा' ही त्याचीच भावंडं. पण पाच वर्षांच्या पोराला त्यात दहा कसा ऐकू येणार? त्याच्या लेखी बारा हा एक सुटा शब्द, जसा बकरा किंवा झरा. म्हणून 'बारापर्यंत येतं हो आमच्याला' या वाक्यावर मी फारसा भाळत नाही. येतं ते पाठांतर. बारा चिंचोके समोर ठेवले की त्यातले दहा एकीकडे आणि दोन दुसरीकडे दिसतात का, ते विचारा.

डोळ्यांबद्दलही दोन ओळी लिहितो, कारण आजींची काळजी खोटी नाही. पोरगं ३ च्या जागी ६ लिहीत असेल तर ती गोष्ट वेगळी. ३ आणि ६ ही आरशातली जुळी आहेत. म्हणून तर एकमेकांकडे पाठ केलेल्या दोघांमध्ये छत्तीसचा आकडा आहे असं आपण म्हणतो. या वयात आकडा उलटा होणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं आपोआप जातं. चिखलाची लांब वळी करायची, तिचा ३ करायचा, मग तोच उचलून उलटा ठेवायचा. पोरं खूश होतात. तोंड कुठल्या बाजूला आहे हे बोटांना कळलं की पेन्सिलीलाही कळतं. मात्र फळ्यावरचं दिसत नसेल, पोरगं डोळे बारीक करून बघत असेल, तर खुशाल तपासून घ्या.

आता तेवीसचा इलाज. त्यासाठी मला अंड्यांच्या ट्रेची गोष्ट सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी फाट्याजवळ अंगणवाडी सेविकांच्या एका बैठकीला मी पुण्याहून मण्यांच्या माळा घेऊन गेलो होतो. दहा-दहा मणी तारेत ओवलेले, मोंटेसोरी पद्धतीचे, सोनेरी. स्वतःवर बेहद्द खूश होतो. अर्धा तास माझं ऐकून घेतल्यावर एक ताई म्हणाल्या, "सर, छान आहे. पण यातली एक तुटली की मी कुठं जाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीला त्याच ताई अंड्यांचे चार ट्रे घेऊन आल्या, लगद्याचे, करड्या रंगाचे. त्यांच्या दिरांची पोल्ट्री. पाच गुणिले सहा, तीस खळगे. दर दोन ओळींवर कात्री चालवली की एका ट्रेचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात पाच-पाचच्या दोन ओळी. दहाचं घर तयार, तेही फुकट! माझे सोनेरी मणी त्या दिवसापासून कपाटात आहेत.

खळग्यांत घालायला काय? चिंचोके बुडून जातात, खडे वाजतात. फाट्याच्या कांदा मार्केटमध्ये जिला गोल्टी म्हणतात ती बरोबर बसते. लहान कांदा, पोराच्या मुठीत मावणारा. टरफलं वर्गभर उडतात आणि मदतनीस ताई माझ्या नावानं बोटं मोडतात, पण दुसरं काही इतकं नेमकं बसत नाही. जुना ट्रे असेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच वर्गात आणा.

पहिल्या दिवशी आकड्याचं नावही काढायचं नाही. भरा, रिकामं करा, पुन्हा भरा. मग पाच भरायचे, एक ओळ पूर्ण. सात म्हणजे एक ओळ आणि वर दोन. थोड्याच दिवसांत पोरगं सातला एकपासून मोजायचं सोडतं. ओळ दिसली की पाच धरून पुढं 'सहा, सात' म्हणतं. ते झालं की दोन तुकडे शेजारी ठेवायचे. एक पूर्ण भरलेला, दुसऱ्यात तीन. "दहा आणि तीन, तेरा." त्या 'रा'मध्ये लपलेला दहा पहिल्यांदाच दिसायला लागतो.

मग पुठ्ठ्याची कार्डं. एका लांब कार्डावर २०, एका अर्ध्या कार्डावर ३. दोन भरलेले तुकडे पोराच्या डाव्या हाताला, सुटे तीन उजव्या हाताला. २० चं कार्ड आधी ठेवायचं आणि ३ चं कार्ड त्याच्या शून्यावर झाकायचं. झालं २३. तोंडाला तेवीस म्हणू द्या, काही हरकत नाही. हातानं वीस आधी ठेवले आहेत, तो विसरत नाही. आजी, नातवाची वही आठ दिवस मिटून ठेवा आणि हे करा. लाल फुल्या मात्र वहीत तशाच राहू द्या, मोठा झाल्यावर हसायला होतील.

आणि एकोणीस? त्याच्यासाठीच तर मी हा लेखांक खर्च करतोय. दोन्ही तुकडे भरायचे आणि एक खळगा रिकामा ठेवायचा. एका अंगणवाडीत एका चिमुरडीला विचारलं, किती? तिनं मोजलंच नाही. रिकाम्या खळग्यावर बोट ठेवून म्हणाली, "वीसला एक कमीए." ताई म्हणाल्या, त्यालाच एकोणीस म्हणायचं, एक ऊन वीस. पोरीनं दाराबाहेर बघितलं आणि विचारलं, "ऊन कुठंय?"

ते ऊन नाही गं. हे ऊन म्हणजे कमी. वजाबाकीतलं 'उणे' तेच, आणि आपण एकमेकांचं काढतो त्या उण्यादुण्यातलं उणंही तेच. म्हणजे आपल्या भाषेनं वजाबाकी शाळेच्याही आधी मोजण्याच्या शब्दांत घालून ठेवली आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे एक खळगा रिकामा. अठ्ठावीसनंतर पोरं हमखास 'नववीस' म्हणतात आणि आपण हसतो. त्यांचं काय चुकलं? शंभराच्या दाराशी गेल्यावर भाषा स्वतःच एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणते. नियम पोरांनी पाळला, मोडला भाषेनं.

यावरून जून २०१९ चा गदारोळ जुन्या वाचकांना आठवला असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. जुने शब्द काढलेले नव्हते, पण ते कोण बघतो. विधिमंडळातही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलं अडखळतात ती जोडाक्षरांपाशी आणि उलट्या क्रमापाशी. मला विचाराल तर निदान शंभर टक्के बरोबर होतं. औषधाबद्दल माझं मन थोडं वेगळं आहे. बाजारात आजी तेवीसच म्हणणार, एसटीचा कंडक्टरही तेवीसच म्हणणार. शब्द बदलण्याऐवजी शब्दाच्या आधी हात बदलावा, आणि दुसरीची वाट न बघता तो बालवाडीतच बदलावा. तिथं पुस्तकच नसतं, त्यामुळे भांडणही होत नाही.

२० वर ३ झाकायच्या त्या कार्डांचं मूळ कुठं शोधावं, तर आपल्याच जुन्नर तालुक्यात. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि त्यांच्यासमोर आकडे. दोन हजार वर्षांपूर्वीचे, भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी. भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी ते उलगडले. त्यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चोवीस हजार चारशे कार्षापण लिहायचे तर आधी वीस हजाराची खूण, तिच्या शेजारी चार हजाराची, तिच्या शेजारी चारशेची. म्हणजे आपलीच कार्डं, फक्त एकमेकांवर न झाकता शेजारी शेजारी मांडलेली. मोठं आधी, लहान नंतर. दगडावर छिन्नी चालवणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी कदाचित आधी लहान आणि मग मोठं येत असेल, हात मात्र मोठ्यापासून चालला आहे. सहल घाटाला गेली की पोरांना तिथल्या दगडी रांजणात डोकावू द्या, पण शिक्षकांनो, तुम्ही तेवढ्यात लेण्यात जाऊन या.

दहाचे गठ्ठे करण्यासाठी ट्रेच हवा असंही नाही. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आपल्या पोरांनी शेकड्यानं पाहिल्या आहेत. ज्वारीच्या धाटाचे किंवा खराट्याचे बोटभर तुकडे करायचे, दहाची जुडी बांधायची. 'दशक' म्हटलं की चेहरे कोरे, 'जुडी' म्हटलं की कळतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला हेच तर केलं. मोंटेसोरीबाईंचा विचार घेतला आणि साहित्य मात्र वाडीतलं, शेतातलं, जंगलातलं. अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंचाच. तुटली तर मी कुठं जाऊ, या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कोसबाडच्या टेकडीवर कधीच मिळालेलं होतं. मी उगाच पुण्याहून मणी आणले.

लिहिता लिहिता मला एक जाणवलं. आजींचा नातू जिथं अडला, तिथंच पोरं 'चिमणी' लिहिताना अडतात. कानाला आधी च ऐकू येतो, मग इ. कागदावर डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते, च नंतर. पुन्हा तोच घोळ, फक्त आकड्यांऐवजी अक्षरांत. तेव्हा वाळूतली अक्षरं मी ग, म, भ, न पासून सुरू करणार होतो, तो बेत आता बदलला. पुढच्या आठवड्यात वेलांटीपासूनच सुरू करू. ताट पसरट घ्या, कडा उंच असलेलं. बांधकामाची वाळू नको, ती बोटांना टोचते. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, वाळवून ठेवा. नाहीच मिळाली तर जाडा रवा चालेल, पण मग मुंग्यांची जबाबदारी माझी नाही.