मसाल्याचा डबा कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होते?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तुळशीबागेत मसाल्याचा डबा स्टीलचा मिळतो, पितळेचा मिळतो, अगदी भातुकलीतलाही मिळतो. आत वाट्या साधारण सातच: मोहरी, जिरे, हळद, तिखट, हिंग, मेथी आणि धन्याची पूड. घरोघरी हा डबा हाताशी असतो, त्यामुळे तब्येत कुरकुरू लागली की डॉक्टरांआधी आपला हात तिकडे जातो. खोकल्याला हळद-दूध, पोटाला ओवा, दाताला लवंग, साखरेला मेथी, रडणाऱ्या बाळाला जायफळ. यातले काही उपयोगी आहे, बरेचसे निरुपद्रवी आहे आणि काही खरोखर महागात पडणारे आहे. पदार्थ तोच असला तरी तो किती, कोणाला आणि कशासाठी दिला यावर सगळे अवलंबून असते.

हळद: आमटीतली आणि कॅप्सूलमधली

आधी एक साधा हिशोब करू. चार माणसांच्या आमटीत पाव चमचा हळद पडते, म्हणजे एकाच्या ताटात पाव ग्रॅमही येत नाही. हळदीतला ज्या घटकाचा एवढा बोलबाला आहे तो कुर्क्युमिन, आणि त्याचे प्रमाण हळदीत साधारण ३ टक्के असते. म्हणजे वाटीभर आमटीतून सुमारे ६ मिलिग्रॅम. बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा ५०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ऐंशीपटीहून जास्त. त्यामुळे ‘हळद तर आपण रोज खातोच’ हा युक्तिवाद कॅप्सूलला लागू होत नाही.

कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी जाते. आमटीतल्या हळदीने कोणाच्या यकृताला त्रास होत नाही, त्याचे हे एक कारण. १९९८ मध्ये बंगळूरुच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी दाखवले, की २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर माणसाच्या रक्तात पोहोचणारे कुर्क्युमिन वीसपट वाढते. तेव्हापासून अनेक कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. मात्र पायपरिनमुळे दुसऱ्या काही औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकते. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारे रुग्णालयांचे एक जाळे आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे कावीळ किंवा यकृतदाह झालेले १० रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने आकडा लहान आहे. पण कोणाला त्रास होईल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून अशा कॅप्सूल सुरू केल्यावर भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि रक्ततपासणीसाठी या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूतखडा होऊन गेला असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल नकोच. आमटी, भाजी, हळद-दूध खुशाल घ्या.

जखमेवर हळद दाबावी का, हाही नेहमीचा प्रश्न. अमेरिकेत १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. माशेलकर त्याआधी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते, त्यामुळे पुणेकरांना ही गोष्ट सांगायला विशेष आवडते. मलाही आवडते. पण ते पेटंट रद्द झाले ते ‘हे ज्ञान नवे नाही’ म्हणून. साबण-पाण्यापेक्षा हळद सरस ठरली, असा त्याचा अर्थ नव्हे. जखम वाहत्या पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे बघा. भाजले असेल तर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. वर हळद थापली की भाजणे किती खोल आहे ते आम्हाला दिसत नाही. बाळाच्या नाळेवरही काही लावू नका, ती कोरडीच राहू द्या.

आणखी एक, रंगाचे. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला रंग मिसळला जातो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली होती. सरकारने छापे, दंड आणि जनजागृती केल्यावर २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. आपल्याकडे सांगलीसारखी हळदीची मोठी पेठ आहे, चांगली हळद मिळायला अडचण नाही. फक्त डोळ्यात भरेल इतकी झगझगीत पिवळी हळकुंडे आणि सुटी पूड टाळा.

छातीतले ‘गॅस’ आणि ओवा

या लेखातला हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

ओव्यात थायमॉल असते. जेवण जड झाले, पोट फुगले, तर चिमूटभर ओवा चावून वर कोमट पाणी घेतल्याने अनेकांना बरे वाटते आणि त्यात काही चूक नाही. घात होतो तो छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ म्हटल्यावर. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा जळजळ, ढेकर, छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब अशाच रूपात येतो. मग ओवा होतो, हिंग-पाणी होते, सोडा होतो, ‘सकाळी बघू’ होते. हृदयाचा स्नायू मात्र सकाळपर्यंत थांबत नाही. बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडली जाईल तितका स्नायू वाचतो.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, सोबत घाम, धाप, मळमळ, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, यांपैकी काहीही असेल तर डब्याकडे हात नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना छातीत फारसे न दुखताही झटका येऊ शकतो, नुसता थकवा आणि दम एवढेच जाणवते. ईसीजी नॉर्मल आला आणि खरोखरच गॅस निघाला, तर तुमच्यावर कोणी हसणार नाही.

जायफळाचे वेढे

जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. आता आपल्या कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही ते पिकते. त्याच फळाच्या बीवरचे लाल जाळे म्हणजे जायपत्री, जी गोड्या मसाल्यात पडते. श्रीखंडात, पुरणात किसलेली चिमूट छान लागते, तिची काळजी नको. पण साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ पोटात गेले, तर मोठ्या माणसालाही तोंड कोरडे पडणे, धडधड, उलट्या, गुंगी आणि भ्रम होऊ शकतो. परिणाम काही तासांनी दिसतो आणि बराच वेळ टिकतो.

बाळगुटीत सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, असा हिशोब असतो. तो मोठ्या मायेने सांभाळलेला असतो हे मान्य. तरी वेढ्यातून नेमके किती उतरले हे कोणालाच कळत नाही; जायफळ नवे की जुने, हात हलका की भारी, त्यावर ते बदलते. चार किलोच्या बाळाला ‘शांत झोप लागली’ म्हणजे कधी कधी गुंगी आलेली असते. वेखंडाने बाळांना सारख्या उलट्या झाल्याचेही आढळले आहे. सहाण आणि पाणी यांच्या स्वच्छतेचा प्रश्न वेगळाच. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. मध वर्षभर नाही. लवंगेचे तेल लहान मुलाच्या तोंडात कधीच नाही, त्याने यकृत निकामी होऊ शकते. आजीबाईंना हे सांगताना जरा सांभाळून सांगा. तेल-मालिश, शेक, अंगाई यांत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

साखरेवर मेथी आणि दालचिनी

मेथीदाण्यांनी रक्तातली साखर काहीशी कमी होते, हे खरे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या जुन्या अभ्यासांत त्यासाठी रोज २५ ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मेथी दिली होती. रात्री भिजवलेला अर्धा चमचा म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. ज्यांना एवढी मेथी झेपते त्यांनी ती गोळ्यांच्या भरीला घ्यावी, गोळ्यांऐवजी नव्हे. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आधी कळवा.

दालचिनीबद्दल मी जास्त कडक आहे. जाड सालीची, कडक आणि स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया, आणि तिच्यात कूमरिन नावाचा यकृताला त्रास देणारा पदार्थ असतो. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते ६० किलोच्या माणसाने ती रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. मसालेभातातल्या तुकड्याला हे लागू नाही. रोज सकाळी चमचाभर पूड पाण्यातून घेणाऱ्याला मात्र लागू आहे. खऱ्या, म्हणजे श्रीलंकेच्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते आणि तिचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतात.

हिंगाचे थोडक्यात. आपण वापरतो ते बांधणी हिंग, म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून येणारा चीक मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात आणि डिंकात मिसळलेला. घरात कोणाला सिलिअ‍ॅक आजार असेल, गव्हातले ग्लुटेन चालत नसेल, तर डबीवरची घटकांची यादी वाचा. पोळी बंद करूनही पोट सुधारत नाही, तेव्हा मी फोडणीतल्या हिंगाबद्दल विचारतो.

आणि दवाखान्यात येताना गोळ्यांची पिशवी आणता, तिच्यात काढ्याची पुडी, चूर्णाची बरणी आणि ती कॅप्सूलची बाटलीही टाका. ‘ते काय, घरचेच आहे’ म्हणून सांगायचे राहून जाते, आणि वाढलेल्या लिव्हर रिपोर्टचे कारण शोधत आपण महिनाभर तपासण्या करत बसतो.