सनद, पाट आणि ऊस : माउई काउंटीच्या कारभाराची ओळख



गट कार्यालयात चार माणसं बसली की उसाच्या गोष्टी निघतात, आणि उसाच्या गोष्टी निघाल्या की हवाई बेटांचं नाव एकदा तरी येतंच. ठिबकवर मोठ्या क्षेत्रावर ऊस घेऊन दाखवला तो तिथल्या मळ्यांनी, १९७० च्या दशकात. आपल्याला आडसालीचे सोळा-अठरा महिने म्हणजे लांब मुदत वाटते. तिथे ऊस दोन-दोन वर्षं रानात उभा असायचा, आणि मग फड पेटवून तोड व्हायची. आज त्या बेटांवर चालू साखर कारखाना एकही नाही. शेवटचा राहिला होता तो माउई बेटावरचा पुउनेनेचा कारखाना. त्याची शेवटची तोड डिसेंबर २०१६ मध्ये झाली आणि सुमारे ३६ हजार एकरांचा मळा थांबला.

कारखाना का बंद पडला याची कारणं आपल्याला नवीन नाहीत. आम्हाला आज सांगायचं आहे ते पुढचं. ऊस गेला, पण उसासाठी डोंगरातून खोदलेले पाट आणि बोगदे राहिले, पाणी राहिलं. ते पाणी कुणाच्या ताब्यात असावं, हा प्रश्न तिथल्या मतदारांनी आपल्या स्थानिक सरकारच्या सनदेपर्यंत नेला. हे त्यांना कसं जमलं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या सरकारची मांडणी बघावी लागते.

सनद म्हणजे काय

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. ढोबळ मानाने आपला जिल्हा म्हणा. हवाई राज्याची गंमत अशी, की तिथे ग्रामपंचायत नाही, नगरपालिका नाही. वर राज्य आणि खाली काउंटी, एवढंच. शाळा राज्य चालवतं. पिण्याचं पाणी, पोलिस, आगीचे बंब, रस्ते, बांधकाम परवाने, जमीन-घरावरचा कर ही कामं काउंटीची.

माउई काउंटीत माउई, मोलोकाई, लानाई ही बेटं आणि वस्ती नसलेलं काहोओलावे बेट येतं. २०२० च्या जनगणनेत सगळी मिळून लोकसंख्या सुमारे १ लाख ६५ हजार. म्हणजे आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी.

आता आपल्याकडे बघा. जिल्हा परिषद कशी असावी, अध्यक्ष कसा निवडावा, समित्या किती, हे सगळं १९६१ च्या राज्य कायद्याने ठरलं आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सगळ्या जिल्ह्यांना एकच साचा. कोल्हापूरकरांना वाटलं म्हणून त्यांना साचा बदलता येत नाही. हवाई राज्याच्या घटनेने मात्र काउंटीला स्वतःची सनद करण्याचा अधिकार दिलेला आहे. कारभाराची रचना कशी असावी, एवढ्यापुरती ती सनद साध्या कायद्यापेक्षा वरचढ धरली जाते. सनद मंजूर करायची मतदारांनी, आणि बदलायची तीही मतदारांनीच. माउईची पहिली सनद १९६९ मध्ये अमलात आली. पुढे ती नव्याने लिहिली गेली आणि १९८३ ची सनद दुरुस्त्या होत होत आजवर चालत आली.

थोडक्यात, सनद म्हणजे काउंटीचे पोटनियम. असं म्हटलं की आपल्या सभासदाला बरोबर कळतं.

मेयर, परिषद आणि नऊ भाग

सनदेप्रमाणे कारभाराचे दोन हात आहेत. एक मेयर. तो चार वर्षांसाठी थेट लोकांमधून निवडला जातो आणि खाती चालवतो. दुसरी नऊ जणांची परिषद. तिची मुदत दोन वर्षं. अंदाजपत्रक मंजूर करणं, स्थानिक कायदे करणं, मेयरच्या कारभारावर नजर ठेवणं हे परिषदेचं काम. २०१२ च्या मतदानानंतर हिशेब तपासणीसाठी काउंटीच्या लेखापरीक्षकाचं वेगळं कार्यालयही झालं. जो खर्च करतो त्यानेच खर्च तपासू नये, हा साधा व्यवहार.

परिषदेच्या निवडणुकीची रीत आपल्या सभासदांना ओळखीची वाटेल. काउंटीचे नऊ भाग पाडले आहेत. त्या त्या भागाचा उमेदवार त्या भागातच राहणारा पाहिजे. पण मतदान? मतदान सगळ्या काउंटीचं, नऊही जागांना. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत उमेदवार गटाचा आणि मतं सगळ्या सभासदांची, तोच प्रकार.

याला दोन बाजू आहेत. लानाई बेटावर जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्ती. भागाला एक जागा राखून ठेवली म्हणून परिषदेत त्यांचा माणूस बसतो. लोकसंख्येवर जागा वाटल्या असत्या तर त्यांना अशी स्वतंत्र जागा मिळणं अवघड. पण दुसरी बाजू अशी, की लानाईचा माणूस कोण, हे ठरवतात मुख्यत्वे माउई बेटावरचे मतदार, कारण मतांचा ढीग तिथे आहे. आपल्या भागाने नाकारलेला माणूस आपला प्रतिनिधी म्हणून बसू शकतो. या पद्धतीवर तिथे वर्षानुवर्षं वाद चालत आला आहे. सगळ्यांच्या मतांवर निवडून आलेला माणूस सगळ्या काउंटीचा विचार करतो, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसरा पक्ष म्हणतो, टेलच्या माणसाचं दुखणं टेलच्या माणसालाच कळतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

दर दहा वर्षांनी झाडाझडती

आम्हाला या सनदेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की ती ठरावीक मुदतीने तपासावीच लागते. दर दहा वर्षांनी सनद आयोग बसतो. २०२१–२२ च्या आयोगात अकरा जण होते. मेयरने नेमलेले, परिषदेच्या संमतीने. त्यांनी सनद कलमवार वाचायची, जाहीर बैठका घ्यायच्या, लोकांच्या सूचना ऐकायच्या आणि दुरुस्त्या सुचवायच्या. मंजुरी आयोगाच्या हातात नाही, परिषदेच्याही नाही. प्रत्येक दुरुस्ती मतपत्रिकेवर प्रश्न म्हणून छापली जाते आणि मतदार होय किंवा नाही म्हणतात.

याचा फायदा लक्षात घ्या. भांडण पेटल्यावर नियम बदलायला बसलं, की जो तो आपल्या सोयीचं कलम काढतो. मुदत आधीच ठरलेली असली की माणूस जरा थंड डोक्याने बसतो. आपण रान नांगरायला पीक वाळायची वाट बघत नाही. हंगाम बघून नांगरतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी बऱ्याच गोष्टी ठरवल्या. घरबांधणी आणि समाजकल्याण यांचं एकत्र असलेलं खातं वेगळं करून दोन खाती केली. मूळ हवाई लोकांची भाषा, वारसा, चालीरीती यांसाठी स्वतंत्र खातं स्थापलं. आणि तिसरी गोष्ट पाण्याची.

पाण्याचा प्रश्न सनदेत कसा आला

माउईचा पूर्व भाग पावसाचा, आणि उसाची सपाट जमीन कोरडी. सह्याद्रीचा घाटमाथा आणि माणदेश एकाच बेटावर आणून ठेवावेत तसं. १८७६ ते १८७८ या काळात पहिला मोठा पाट खोदला गेला. पुढे वाढत वाढत पाट आणि बोगदे मिळून सुमारे ७४ मैलांची व्यवस्था झाली. पाणी बऱ्याच अंशी सरकारी जंगलातलं, पाट खाजगी कंपनीचा.

ओढ्यांचं पाणी वरच उचललं, तर खाली काय राहणार? पूर्व भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कालो लावतात. ते अळूच्या जातीचं कंदपीक. भातासारख्या खाचरांत घेतात, पण पाणी वाहतं आणि थंड लागतं. साचलं आणि तापलं की कंद सडतो. या लोकांनी २००१ मध्ये २७ ओढ्यांसाठी राज्याच्या जल आयोगाकडे अर्ज केला. अंतिम निकाल लागला जून २०१८ मध्ये. सतरा वर्षं! तोवर ज्या उसासाठी पाणी नेत होते तो ऊसच उरला नव्हता.

त्याच वर्षाच्या शेवटी जुन्या कंपनीने सुमारे ४१ हजार एकर जमीन २६ कोटी २० लाख डॉलरला नव्या कंपनीला विकली. पाटाच्या कंपनीतला निम्मा हिस्साही त्यात गेला. सरकारी जंगलातलं पाणी नेण्याचा परवाना वर्षा-वर्षाने वाढवून मिळत असे. आणि डोंगरउतारावरच्या गावांना काउंटी जे पिण्याचं पाणी पुरवते, त्यातलं बरंचसं याच पाटातून येतं. म्हणजे काउंटीचा नळ खाजगी पाटाला बांधलेला.

म्हणून २०२२ ला सनदेत कलम घातलं गेलं, की पूर्व माउईसाठी लोकांच्या सहभागाचं जल प्राधिकरण असावं, त्या भागातल्या रहिवाशांचं मंडळ असावं, आणि पाण्याचा दीर्घ मुदतीचा पट्टा काउंटीच्या वतीने मिळवून व्यवस्था त्यांनी बघावी. मतदारांनी ते मंजूर केलं. ऊस गेल्यानंतर सहा वर्षांनी.

सनदेच्या मर्यादा

सनद म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. पाणी आणि जंगल राज्याचं. पट्टा कुणाला द्यायचा हे राज्याच्या हातात. काउंटीने मागण्यासाठी हात तयार केला, देणारा हात वेगळाच आहे.

दुसरं उदाहरण. सनदेने मतदारांना सह्या गोळा करून स्वतः कायदा मांडण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून २०१४ मध्ये लोकांनी जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या लागवडीवर स्थगिती मंजूर केली. हा विषय केंद्र आणि राज्य यांच्या कायद्याखाली येतो, असं म्हणून न्यायालयाने ती २०१५ मध्ये रद्द केली आणि वरच्या न्यायालयाने २०१६ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मतं पडली, पण अधिकाराबाहेर पडली.

तिसरं उदाहरण दुःखाचं. ८ ऑगस्ट २०२३ ला लाहाइना शहर जळालं. शंभराहून अधिक माणसं गेली. शहराच्या भोवती जुन्या मळ्यांची पडीक जमीन होती. तिथला साखर कारखाना १९९९ लाच बंद झाला होता, आणि उसाच्या जागी वाळलेलं परदेशी गवत माजलं होतं. काउंटीचं आपत्कालीन खातं होतं, भोंगे होते, पण त्या दिवशी भोंगे वाजले नाहीत. खात्याच्या प्रमुखाने पुढे राजीनामा दिला. सनदेने खातं देता येतं. वेळेला भोंगा वाजवायला माणूसच लागतो.

आपण काय घ्यावं

आपल्या कारखान्याचे पोटनियम प्रत्येक सभासदाच्या नावाने चालतात, पण ते वाचलेले सभासद किती? दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि मग निबंधकाकडे नोंदणी. म्हणजे जो सभेला येत नाही त्याच्या वाट्याचं हजर असलेले ठरवतात. विषयपत्रिका हातात आली की निदान एवढं बघावं :

१. दुरुस्तीने कुणाचा अधिकार वाढतो आणि कुणाचा कमी होतो?

२. गटांची आखणी आणि मतदानाची रीत बदलते का?

३. खर्च करणारा आणि तपासणारा वेगळा राहतो का?

४. उपसा योजना, पाइपलाइन, जमीन ही मालमत्ता उद्या हस्तांतरित करायची झाली, तर सभेला विचारावं लागेल का?

चौथा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला. माउईच्या लोकांना तो उसाच्या हयातीत विचारता आला नाही, कारण मळा कंपनीचा होता, त्यांचा नव्हता. आपला कारखाना आपला आहे. विचारायचा अधिकार आपल्याला पहिल्या भागभांडवलाच्या दिवसापासून आहे.

पोटनियमांची प्रत गट कार्यालयात वाचायला मागावी. लागणीच्या नोंदीला येता, तेव्हा अर्धा तास जास्त काढून यावं. एखादं कलम समजलं नाही तर आमच्या खात्याची माणसं बसून समजावून सांगतील.

— ऊस विकास अधिकारी